हिरव्या कापडाखालचा सौदा

घोडेगावच्या शुक्रवारच्या गुरांच्या बाजारात गहिनीनाथ दलालाचा हात प्रसिद्ध होता. त्याच्या डोळ्यांची चौकशी कधी कुणी केली नाही, आणि त्याचं त्यातच भागत होतं.

हात दिसायला काही खास नव्हता. तरुणपणी एका बुजलेल्या बैलाच्या दाव्यात अडकून उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर गेलं होतं. उरलेल्या ऐवजावर गहिनीनाथने चाळीस वर्षं धंदा केला. म्हशीच्या अंगावरून हात फिरवून तो कितवं वेत ते सांगायचा, जबड्यात बोटं घालून वय सांगायचा आणि कास चाचपून मालक किती खोटं बोलतोय ते सांगायचा. नेवासे, राहुरी, पाथर्डीकडचे लोक जनावर घ्यायचं ठरलं की आधी पंचांग बघत आणि मग गहिनीनाथला. पंचांगाबद्दल तक्रारी येत.

या बाजारात भाव तोंडाने होत नाही. घेणाऱ्याचा दलाल आणि देणाऱ्याचा दलाल समोरासमोर उकिडवे बसतात, दोघांच्या हातांवर उपरणं पडतं आणि आत बोटांची बोलणी सुरू होतात. धरलेल्या एकेका बोटाचे दहा हजार. तळहातासकट अख्खा पंजा आवळला की समोरच्याचा भाव कबूल, सौदा पक्का. वरती दोघं कांद्याचं आणि लेकीसुनांचं बोलत असतात. उपरण्याखाली झालेलं बाहेर बोलायचं नाही, हा बाजाराचा एकमेव कायदा. कुठे लिहिलेला नसल्यामुळे तो पाळला जातो.

सत्तरी जवळ आली तेव्हा गहिनीनाथच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला. आधी बाजारावर कुणी दूध सांडल्यासारखं झालं, मग त्या दुधावर साय आली, आणि दोन वर्षांत ती इतकी जाड झाली की समोर म्हैस आहे की म्हशीएवढा सभापती, ते आवाज झाल्याशिवाय कळेना. पण ज्या धंद्यात निम्मं काम कापडाखाली चालतं त्यात आंधळं व्हायला फारशी अडचण येत नाही. माणसं तो आवाजावरून, खोकल्यावरून आणि चपलांवरून ओळखायचा. जे ओळखू येत नसत त्यांना "या पाव्हणं, बऱ्याच दिसांनी!" म्हणायचा. हे वाक्य रोज भेटणाऱ्यालाही चालतं. त्याला फक्त आपल्याला टोमणा मारला असं वाटतं.

भीती त्याला अंधाराची नव्हती. दोन वर्षांत त्याने पसंत केलेली जनावरं तालुक्यातल्या गोठ्यांतून उभी होती. 'अण्णाला दिसत न्हाई' एवढं जरी बाजारात फिरलं असतं, तरी ती सगळी जनावरं त्याच्या अंगणात परत आली असती आणि त्यांच्या मागोमाग मालक. अंगण लहान होतं.

गोत्यात आणलं ते मोबाईलने. हल्ली गिऱ्हाइकं जनावर न आणता त्याचा फोटो आणतात. एका शुक्रवारी राहुरीच्या एका बागायतदाराने त्याच्या हातात मोबाईल दिला. "अण्णा, ही कालवड बघा बरं. घ्यावी का?" गहिनीनाथने सवयीप्रमाणे कालवडीच्या पाठीवरून बोट फिरवलं. बोट फिरताच फोटो सरकला आणि कालवडीच्या जागी बागायतदाराचा मेव्हणा आला, नवरदेवाच्या पोशाखात. गहिनीनाथने मान तिरकी केली, थोडा वेळ घेतला आणि निकाल दिला. "जनावर गरीब हाय. पन बसून खायची सवय लागलीय, कामाला यायचं न्हाई."

बाजार हसून लोळला. बागायतदाराला इतकं पटलं की त्याने चहा सांगितला. दुपारपर्यंत हा किस्सा पार जनावरांच्या डॉक्टरपर्यंत गेला आणि गहिनीनाथच्या तिखट जिभेची कीर्ती झाली. तो मात्र घरी येऊन जेवला नाही. लंकाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, ताट पुढे सरकवलं.

"काय झालं? म्हैस मेली का कुनाची?"

"लोक हसले."

"मंग? तुमाला हसायची आज येळ आली व्हय? परवा दोरीवरच्या माझ्या लुगड्याला पाव घंटा शिव्या दिल्या. मी चुलीम्होरं बसून ऐकत हुते. म्हनलं, बरं चाललंय, लुगडं उलटून बोलत न्हाई."

"तू का बोलली न्हाईस?"

"मला बी जरा आराम."

मग तिने ठरवून टाकलं. नगरच्या पलीकडे, हिवरे बाजारच्या अंगाला, एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथे दर हिवाळ्यात पुण्याचे डॉक्टर येऊन फुकट ऑपरेशनं करत. गहिनीनाथने अंतर विचारलं. पन्नास किलोमीटर म्हटल्यावर त्याला डॉक्टर एकदम चांगले वाटू लागले. तिकडे त्याला ओळखणारं घोडेगावचं काळं कुत्रंही नव्हतं. बाजारात त्याने 'लेकीकडं नाशिकला चाललोय' असं सांगितलं. त्याला लेक नव्हती, पण बाजारात हे विचारण्याची पद्धत नाही.

जायच्या आधी एक काम अर्धवट राहिलं होतं. शिंगणापूरच्या वाटेवरच्या राहीबाईला म्हैस हवी होती. शनीला येणाऱ्या भाविकांच्या चहाचं निम्मं दूध राहीबाईचं. दारं नसलेल्या गावाच्या शेजारी राहून गोठ्याला दोन कुलपं लावणारी ही बाई जगात फक्त गहिनीनाथवर विश्वास ठेवायची. तिच्यासाठी त्याने अजिनाथची एक म्हैस चाचपून पसंत केली होती. अजिनाथ हा बाजारातला दुसरा मोठा दलाल, तीस वर्षांचा वैरी. म्हैस दुसऱ्या वेताची, कास रबरासारखी. पण उपरण्याखाली गहिनीनाथ दोन बोटांवर थांबला आणि अजिनाथ पाचांवरून हलेना, तेव्हा सौदा तसाच राहिला.

बुधवारी सकाळी लंकाबाईने त्याला दवाखान्यात आणून बसवलं. मंडपात शंभरेक म्हातारे होते आणि त्यांच्या डोक्यावर एक फलक, ज्यावर शिबिराला शुभेच्छा देणाऱ्यांचे चेहरे होते. नावं इतकी मोठी छापली होती की मोतीबिंदू पिकलेल्यांनाही वाचता येत होती. 'हा फलक वाचता आला तरी ऑपरेशन होईल' असं स्वयंसेवकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. उद्घाटक यायचे होते. नारळ, समई, शाली आणि सूत्रसंचालक तयार होते. पुण्याहून आलेल्या डॉ. नीलांबरींनी घड्याळाकडे पाहिलं, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब सगळ्यांच्या डोळ्यांत घालून टाकले आणि म्हणाल्या, "साहेब आले की समईला माझा नमस्कार सांगा," आणि आत गेल्या.

या बाई पुण्याहून सुट्टी काढून, स्वतःच्या खर्चाने येऊन फुकट ऑपरेशनं का करतात याबद्दल मंडपात बरीच चर्चा होती. कुणी म्हणे इन्कम टॅक्सचं काही असेल, कुणी म्हणे नवस. 'त्यांना हे काम आवडत असेल' असं एक आजी म्हणाल्या, पण त्यांना ऐकूही कमी यायचं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

तपासणीत गहिनीनाथला पहिल्यांदा आपल्या धंद्याची दुसरी बाजू कळली. बाईंनी त्याची पापणी उचलली, बॅटरी मारली, मान इकडेतिकडे वळवली, शुगर आणि ब्लड प्रेशर विचारलं, आणि शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "चांगला पिकलाय. घ्या." कपाळावर उजव्या डोळ्याच्या वर पट्टी चिकटली, तिच्यावर सत्तावीस आकडा. जनावराच्या कानात बिल्ला मारतात तसं. त्याला उगाच दात दाखवावेसे वाटले.

"काका, फी नाहीये," बाई म्हणाल्या. "पण एक अट आहे. पुढच्या वर्षी एक दिवस इथे येऊन बसायचं."

"कशाला?"

"हात धरायला. ऑपरेशनच्या वेळी पेशंट जागा असतो, तोंडावर कापड असतं, घाबरतो. म्हणून कापडाखालून कुणीतरी त्याचा हात धरून बसतं. मी हे काम आधी ऑपरेशन झालेल्यांनाच देते. त्यांना माहीत असतं आत काय वाटतं ते."

"कापडाखालून?"

"हो. दुखलं तर हात दाबायचा. तो मला सांगेल. तुम्ही बोलायचं नाही, हलायचं नाही. हललात तर डोळा जाईल आणि वर माझं नाव जाईल."

गहिनीनाथला हे फार पटलं. शास्त्र इतकं पुढे गेलंय आणि पद्धत आपलीच, असं त्याच्या मनात आलं.

टेबलावर आडवं केल्यावर डोळ्याच्या कडेला सुई बसली आणि डोळा बधिर झाला. तोंडावर हिरवं कापड आलं, त्याला डोळ्यापुरतं भोक. कुणीतरी स्टुलावर बसल्याचा आवाज झाला. कापडाखालून एक हात आला आणि त्याचा उजवा हात धरला. मधल्या बोटात तांब्याचं वेढं. अंगठ्याचं नख जाड, शिंपल्यासारखं.

हा हात गहिनीनाथने हजार वेळा धरला होता.

समोरच्या हातालाही पेर नसलेलं बोट लागलं असावं, कारण तो क्षणभर थिजला. मग सावकाश, खात्री करून घ्यावी तसं, त्या अर्ध्या बोटावरून त्याने अंगठा फिरवला. आणि मग शिंपल्यासारख्या नखाने तळहात खाजवला. तीस वर्षं अजिनाथ भाव बोलायच्या आधी नेमका हेच करायचा.

"सुरू करतेय हं काका," वरून बाई म्हणाल्या. "बारा मिनिटं. हलायचं नाही."

अजिनाथने पाच बोटं धरली.

गहिनीनाथने दोन धरली. सवयीनेच.

अजिनाथने हाताला हलकासा झटका दिला, बाजारात 'विचार कर' म्हणायला देतात तसा, आणि पुन्हा पाच. त्यात सगळं होतं. तू इथं कशाला आलास ते मला कळलंय, तू त्या शुक्रवारी म्हैस कशी बघितलीस ते बी कळलंय, आता बोल. गहिनीनाथने तीन केली. डोळ्यात पाणी फवारत होतं, काहीतरी बारीक गुरगुरत होतं, दुधाची साय तुकड्यातुकड्याने हलत होती. आयुष्यात पहिल्यांदा तो अशा जागी सौदा करत होता, जिथून उठून 'जाऊ दे, न्हाई जमायचं' म्हणता येत नव्हतं. त्याने चार केली. अजिनाथ पाचांवर.

"कापड का हलतंय?" बाईंचा आवाज चढला. "दुखतंय का त्यांना?"

"न्हाई ताई," अजिनाथचा आवाज, मधात घोळलेला. "जरा घाबरल्यात. मी हाय ना."

गहिनीनाथने पंजा आवळला. सौदा पक्का झाला. त्याच वेळी बाईंनी नवं भिंग आत सरकवलं आणि म्हणाल्या, "छान. झालं." दोन्ही व्यवहार एकाच मिनिटाला पुरे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. साय गेली होती. भिंतीवरची पाल दिसली, पालीचे पाय दिसले, लंकाबाई दिसली. ती दोन वर्षांत पाच वर्षांनी म्हातारी झाली होती. "तुमी बी काय कोवळे न्हाई," तो काही बोलायच्या आत ती म्हणाली. आणि खाटेच्या पायथ्याशी, चहाचा कप घेऊन, अजिनाथ.

"तू हितं कसा?" गहिनीनाथने दात आवळून विचारलं.

"जसा तू. गेल्या हिवाळ्यात उजवा केला. त्याच्या आधी दीड साल मला बी काय दिसत नव्हतं."

गहिनीनाथने हिशेब लावला. म्हणजे निदान सहा महिने बाजारातले दोन सर्वांत जाणते दलाल समोरासमोर बसत होते, दोघांनाही काही दिसत नव्हतं, दोघंही एकमेकांच्या नजरेला घाबरत होते, आणि त्या सहा महिन्यांत एकही जनावर परत आलं नव्हतं.

"बोलायचं न्हाई," अजिनाथ म्हणाला. "कापडाखालचं कापडाखाली."

"म्हैस पुढल्या शुक्रवारी आन. राहीबाई येईल न्यायला."

"आनतो की," अजिनाथ म्हणाला आणि चहा न संपवता गेला. हे खटकण्यासारखं होतं. अजिनाथ फुकटचा चहा टाकत नसे.

महिनाभर धुळीत जायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. गहिनीनाथ नवव्या दिवशी बाजारात गेला. काळ्या चष्म्याबद्दल 'नाशिकला फॅशन हाय' असं सांगितलं. राहीबाई यायच्या आधी तो म्हशीपाशी गेला. अंग काळंभोर, शिंगं कोयत्यासारखी, कास त्याच्या हाताने सांगितली होती तशीच. मग त्याने चष्मा वर करून तोंडाकडे पाहिलं. म्हशीच्या डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं. उजव्यासमोर हात हलवला तर म्हैस बुजली. डाव्यासमोर हलवला तर ती शांतपणे रवंथ करत राहिली.

हाताला सगळं कळतं, पण डोळ्यात कुणी बोट घालून बघत नाही.

"ही आंधळी हाय," तो अजिनाथला म्हणाला.

"एका डोळ्यानं."

"तू सांगितलं न्हाईस!"

"तू बघून घेतलीस की," अजिनाथ गोड हसला. "चार मान्सांम्होरं म्हशीच्या तोंडाशी उभा हुतास. दिसलंच असंल. का न्हाई दिसलं?"

बाजाराचा रिवाज तसाच होता. बघून घेतलेल्या खोडीला परतावा नाही. न बघता घेतली असं म्हणायचं, तर बघितलं का नाही तेही सांगावं लागणार होतं. गहिनीनाथने सगळे रस्ते तपासले. राहीबाई काही लगेच म्हणणार नव्हती. म्हैस दूध डोळ्यातून देत नाही. आठ दिवसांनी तिच्या लक्षात आलं असतं तर 'तुझ्याच गोठ्यात खुट्टा लागला' म्हणता आलं असतं. असे खुट्टे या बाजारात बऱ्याच जनावरांना लागले होते.

तेवढ्यात राहीबाई आली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, नेहमीसारखी अदबीने, दावं हातात घ्यायला हात पुढे करून.

"बघून घे," गहिनीनाथ म्हणाला.

"मी काय बघू? तुमी बघितलीय ना अण्णा? मंग झालं तर."

हे ती दर वेळी म्हणायची. या वेळी पहिल्यांदाच ते म्हणताना तिचा चेहरा त्याला दिसला. त्यात शंकेचा लवलेश नव्हता. गहिनीनाथला त्या चेहऱ्याचा राग आला. इतकं बिनघोर राहायला या बाईला कुणी सांगितलं होतं? त्याने काळा चष्मा काढला, आणि आयुष्यभर भाव कुजबुजायलाही न वापरलेल्या आवाजात ओरडला:

"म्हैस डाव्या डोळ्यानं आंधळी हाय. मी बघितली तवा मी दोन्हीनं हुतो. दोन सालं मला दिसत नव्हतं. मागल्या बुधवारी एक डोळा करून आनलाय. कुनाला जनावर परत करायचं आसंल त्यानं करावं."

एक रेडकू ओरडलं, त्यालाही कुणी गप्प केलं. आता आपलं नाव येणार म्हणून अजिनाथने उपरणं खांद्यावर घट्ट धरलं. पण त्याचं नाव आलं नाही. ते कापडाखालचं होतं.

राहीबाईने आधी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "दोन सालं?"

"व्हय."

"म्हंजी दोन सालं मी तुमच्या म्होरं ह्यो पदर उगाच वढून घेत हुते?"

"...व्हय."

"उन्हाळ्यात सुदीक?" तिने पदर मागे टाकला, हातातलं दावं अजिनाथच्या अंगावर फेकलं आणि त्याच्या दावणीकडे बोट दाखवलं. "आता हात बी फिरवा आन डोळा बी. दुसरी बघून द्या. उनं व्हायच्या आत."

अजिनाथने हूं की चूं न करता म्हैस मागे घेतली आणि दुसरी पुढे केली. उपरणं पडलं, हातात हात गेले. गहिनीनाथने दोन बोटं धरली. अजिनाथने ताबडतोब पंजा आवळला. बाजाराच्या इतिहासात इतका लवकर सौदा झाला नव्हता.

जनावर परत करायला एकच माणूस आला, सोनईकडचा. त्याचा बैल गहिनीनाथने आधी हाताने तपासला, मग डोळ्याने, आणि दोन्हींचा निकाल सारखा निघाल्यावर तो माणूस बैलाची माफी मागितल्यासारखा निघून गेला. संध्याकाळी चहाच्या टपरीमागे मात्र एकेक म्हातारा दलाल लघवीला आल्यासारखा यायला लागला. "तो दवाखाना कुठं म्हनालास?" एकाने मेव्हण्यासाठी विचारलं, एकाने शेजाऱ्यासाठी. चौथ्याने कुणासाठी ते सांगितलंच नाही, फक्त गहिनीनाथ समजून शेजारच्या खांबाला विचारलं.

पुढच्या हिवाळ्यात शिबिराच्या यादीत घोडेगावची सात नावं होती. सगळ्यांचे व्यवसाय 'शेती' लिहिले होते. गहिनीनाथ अटीप्रमाणे हात धरायला बसला. स्वतःचा दुसरा डोळा त्याने दुसऱ्या दिवशीवर ठेवला होता. काम त्याला जमलं. नाडी जलद झाली की तो बाईंना आधीच सांगायचा, आणि एका आजोबांचं आधार कार्डावरचं वय चार वर्षांनी चुकलंय हेही त्याने तळहातावरून सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं नाही.

दुपारी नवा पेशंट आडवा झाला. डावा डोळा. हिरवं कापड पडलं. गहिनीनाथने कापडाखाली हात घातला आणि त्याला तांब्याचं वेढं लागलं.

त्याने घाई केली नाही. पेर नसलेलं बोट आधी समोरच्या हाताला नीट ओळखू दिलं. अजिनाथकडे या मोसमात एक खिलारी बैलजोडी होती, तीन शुक्रवार भावावर अडलेली. गहिनीनाथने दोन बोटं धरली. वरती बाईंनी बारीक यंत्र सुरू केलं. कापडाखालच्या हाताला घाम फुटला, त्याने पाचांवर दोन अशी सात धरली, पाच धरली, आणि मग केविलवाणी चार.

गहिनीनाथ दोनांवर.

"परत तेच," बाई वैतागल्या. "कापड का हलतंय? दुखतंय का त्यांना?"

"न्हाई ताई," गहिनीनाथ म्हणाला. "त्याला जरा कमी वाटतंय."